रोज अजिंक्यतारा चढूनही वजन का उतरत नाही?

कारण गडावर जे जळतं, ते खाली आल्यावर मिसळीच्या एका प्लेटमध्ये परत येतं. तीन महिने रोज चढताय आणि उतरल्यावर चहा-मिसळ ठरलेली, असं हा प्रश्न विचारताना तुम्हीच लिहिलंय. सत्तरेक किलोच्या माणसाच्या तासाभराच्या चढ-उतारात साधारण 300 ते 400 कॅलरी जातात; फरसाण, तर्री आणि दोन पाव तेवढ्या सहज भरून काढतात. चढणं सोडू नका, हृदयाला आणि साखरेला ते चांगलंच. पण वजन ठरतं ताटात. म्हणून:

- मिसळ रविवारी, एरवी उतरल्यावर मोडाची मटकी किंवा उकडलेली अंडी
- चहात साखर निम्मी
- रात्री लवकर जेवण, एक भाकरी, भाजी-आमटी पोटभर

भाकरी ‘हलकी’ म्हणून तीन हाणू नका (आपल्याकडचा लाडका गैरसमज!), पीठ तेवढंच असेल तर कॅलरीही जवळपास चपातीइतक्याच. महिन्याला दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. मात्र हे नीट पाळूनही दोन-तीन महिने काटा हलला नाही, तर डॉक्टरांना विचारून थायरॉइड तपासा, आणि गुडघे कुरकुरत असतील तर गडाऐवजी सपाटीवर चाला.