टोयोटाच्या गाड्या खरंच एवढ्या टिकतात का, की नुसतं नाव मोठं आहे?

तुम्ही विचारलंय की टोयोटा खरंच एवढी टिकाऊ असते का की नुसती हवा आहे, आणि जुनी इनोव्हा घ्यायला हरकत नाही ना. सरळ उत्तर आधी देतो. टिकतात. पण त्या टिकण्याचे पैसे कंपनी तुमच्याकडून पहिल्याच दिवशी घेते, आणि पुढे टोयोटाचा लोगो आहे म्हणून प्रत्येक गाडी टोयोटाने बनवलेली असते असंही आता राहिलेलं नाही. बाकी जरा सविस्तर लिहितो कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी इचलकरंजीचा. आमच्या गावात टोयोटा हे नाव दोन ठिकाणी दिसतं, एक रस्त्यावर आणि दुसरं एअरजेटच्या, म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा फेकणाऱ्या मागांच्या, शेडमध्ये मागावर. बाहेरगावचे पाहुणे शेड बघायला आले की हमखास विचारतात, ही तीच का गाड्यावाली कंपनी? तर आधी माग होते आणि मागातून गाड्या निघाल्या, हे समजलं की टोयोटा का टिकते ते अर्धं समजलंच म्हणून समजा.

साकिची टोयोडा (घराण्याचं नाव टोयोडा, कंपनीचं पुढे टोयोटा झालं) नावाचा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. गावात बायका हातमागावर रात्र रात्र विणत बसायच्या, ते बघून याच्या डोक्यात माग सुधारायचं शिरलं. १८९६ मध्ये त्याने जो यंत्रमाग केला त्याची खरी गंमत वेगात नव्हती, आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबायचा, ही होती. ज्यांनी साधे माग बघितलेत त्यांना विचारा याचं मोल काय ते. धागा तुटलाय आणि माग खडखड चालूच आहे, कामगार दुसऱ्या टोकाला, तो येईपर्यंत हातभर कापड खराब, मग ते कापड सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जाणार आणि व्यापारी भाव पाडणार. आजच्या एअरजेटवर उभ्या धाग्यांसाठीही सोय असते, प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी अडकवलेली असते, अशा हजारो पट्ट्या एका ओळीत, त्यातला एक धागा जरी तुटला तरी त्याची पट्टी खाली पडते, वीज जुळते, माग जागच्या जागी उभा राहतो आणि वर दिवा लागतो. मग कामगार त्या दिव्याकडे बघून येतो, धागा जोडतो, बटण दाबतो. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि अजूनही शेडमध्ये गेलो की त्या दिव्यांकडे बघत उभा राहतो.

१९२४ ला साकिचीने मुलाच्या, म्हणजे किचिरोच्या, मदतीने टाईप जी नावाचा माग काढला, त्यात धोटा बदलायलासुद्धा माग थांबवावा लागत नव्हता. १९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे ज्या इंग्लंडने जगाला माग विकले तिथल्याच बड्या कंपनीने, त्याचे हक्क घेतले, एक लाख पौंडांना. साकिची १९३० ला गेला. १९३३ मध्ये किचिरोने वडिलांच्या माग कारखान्यातच मोटारीचा विभाग सुरू केला.

आता इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. टोयोटाच्या पहिल्या गाड्या अजिबात टिकाऊ नव्हत्या! १९३५ चा त्यांचा जी१ ट्रक रस्त्यात इतका बंद पडायचा की कंपनीची माणसं जागेवर जाऊन दुरुस्त करून द्यायची, आणि मोडलेला प्रत्येक भाग परत आणून का मोडला ते बघायची. पुढे १९३७ ला टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली, महायुद्ध झालं, आणि १९५० मध्ये तर कंपनी बुडायच्याच बेतात होती. बँकांनी कर्ज दिलं पण माणसं कमी करा म्हणाल्या, संप झाला, दीड हजारांहून जास्त लोक गेले, आणि त्यांच्याबरोबर किचिरोने स्वतः पण राजीनामा दिला. मला या माणसाबद्दल फार वाटतं. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या, कंपनी वाचली, पण किचिरो १९५२ ला वारला आणि १९५५ ची क्राऊन, म्हणजे जिच्यापासून टोयोटाची पॅसेंजर गाडी खऱ्या अर्थाने उभी राहिली ती, त्याने बघितलीच नाही.

मग येतात ताईची ओनो. टोयोटाची कामाची पद्धत म्हणून जी जगभरच्या कॉलेजांत शिकवतात ती मुख्यतः यांनी घडवली, आणि हे ओनो आधी टोयोडाच्या कापड गिरणीत होते, १९४३ ला मोटारीकडे आले. गिरणीत एक बाई कित्येक माग सांभाळते कारण बिघाड झाला की माग स्वतःच थांबतो, आणि इकडे मोटारीच्या शॉपमध्ये एकेका मशीनजवळ एकेक माणूस नुसता राखण करत उभा, हे त्यांना खटकलं. त्यांनी तीच मागाची रीत गाड्यांना लावली. गाड्या जोडायच्या लाईनवर कुणाही कामगाराला काही चुकीचं दिसलं तर त्याने दोरी ओढायची, दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो, आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाईन थांबते. बिघाड पुढे ढकलायचा नाही, तिथेच मिटवायचा. बाकीच्या कंपन्या तेव्हा लाईन थांबू नये म्हणून जिवाचं रान करत होत्या आणि बिघडलेली गाडी शेवटी वेगळी काढून दुरुस्त करत होत्या. माझ्या मते टोयोटाच्या टिकण्याचं कारण कुठल्या एका भारी इंजिनात नाही, इथे आहे.

हे सगळं एका दमात जमलं असं पण नाही. १९५८ च्या सुमारास क्राऊन अमेरिकेत नेली तर तिथल्या हायवेवर तिचा दम निघाला, थोड्याच वर्षांत ती विक्री बंद करावी लागली, लँड क्रूझरवर दुकान चालू ठेवलं. १९६६ ला कोरोला आली आणि मग मागे वळून बघायला लागलं नाही. १९८९ ला लेक्सस, १९९७ ला प्रियस, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

भारतात आपला संबंध किर्लोस्करांमुळे. किर्लोस्करवाडी आमच्यापासून लांब नाही, लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये माळरानावर नांगराचा कारखाना काढला ती जागा. त्यांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोडा गटाशी हातमिळवणी केली ती सुद्धा आधी गाड्यांसाठी नाही, कापड यंत्रांसाठी, १९९५ मध्ये, आणि मग १९९७ ला टोयोटा किर्लोस्कर मोटर झाली, बेंगळुरूजवळ बिडदीला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये विक्रमराव गेले तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला कारखान्यासाठी महाराष्ट्र सरकारशी करार पण झालाय, तो उभा राहिला तर मला मनापासून आनंद होईल.

२००० च्या सुरुवातीला क्वालिस आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, इंडोनेशियातली जुनी डबडी आपल्या गळ्यात मारली म्हणून. पण ड्रायव्हर लोकांना दोन वर्षांत कळलं की ही गाडी बंद पडत नाही. आणि मग चांगली खपत असताना २००५ ला तिचं उत्पादन बंद करून इनोव्हा आणली.

इनोव्हाबद्दल मी दोन बाजूंनी बोलू शकतो कारण धाकटे काका टुरिस्टवर गाड्या चालवतात आणि त्यांच्या स्टँडवरची मंडळी दिवसभर याच विषयावर बोलत असतात. ट्रॅव्हल्सवाल्यांचं म्हणणं एकच, वेळेवर ऑइल बदला, वेळेवर सर्व्हिस करा, बाकी ती तुमचं घर चालवेल. चार-पाच लाख किलोमीटर झालेल्या जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हा आजही बालाजी, शिर्डी, गोवा करतात, आणि ते सुद्धा सात माणसं, वर कॅरियरवर बॅगा, एसी फुल. मी स्वतः मधल्या सीटवर बसून तिरुपती केलंय, उतरल्यावर पाठ दुखली नाही एवढंच सांगतो. शिवाय विकायला काढली की दोन दिवसांत गिऱ्हाईक हजर, आणि भाव असा की दुसऱ्या कंपनीवाल्याने ऐकूनच गप्प बसावं.

आता घरगुती मालक काय म्हणतात ते पण ऐका, कारण ते वेगळं असतं. त्यांची पहिली तक्रार किमतीची. तेवढ्या पैशात दुसऱ्या कंपन्या सनरूफ, मोठा स्क्रीन, गार सीट सगळं देतात आणि इथे टॉप मॉडेल घेतल्याशिवाय काही मिळत नाही. रिकामी चालवली की मागून उडते, भरली की मग छान बसते. पावसात घाटात मागची चाकं सांभाळून चालवावी लागतात. फॉर्च्युनरवाले ब्रेकबद्दल आणि उडण्याबद्दल कुरकुरतात, पण पुन्हा घ्यायची वेळ आली की फॉर्च्युनरच घेतात. इटिऑसला तर आतलं प्लास्टिक बघून लोकांनी नाकारलं, मधोमध बसवलेला मीटर कुणाला आवडला नाही, आणि तीच गाडी टॅक्सीवाल्यांनी मात्र झिजेपर्यंत वापरली. मला यात टोयोटाची चूक वाटते. फॅमिलीसाठी गाडी घेणारा माणूस रोज आतूनच गाडी बघतो, त्याला दहा वर्षांनंतरचं इंजिन आज दिसत नाही.

आणि कंपनीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका हे पण सांगायला हवं. २००९-१० मध्ये अमेरिकेत ॲक्सिलरेटर अडकण्यावरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, किचिरोचा नातू अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभा राहिला आणि आम्ही फार वेगाने वाढलो असं कबूल केलं, पुढे २०१४ ला १२० कोटी डॉलरचा दंड भरला. माहिती लपवली, लोकांची दिशाभूल केली, हा त्यातला मुख्य ठपका होता. मग २०२४ च्या जानेवारीत डिझेल इंजिनांच्या पॉवर चाचणीत गडबड केल्याचं उघड झालं, त्यामुळे आपल्याकडे सुद्धा क्रिस्टा (म्हणजे इनोव्हाचीच पुढची पिढी), फॉर्च्युनर आणि हायलक्सची डिलिव्हरी काही दिवस थांबली होती. ती गडबड केली होती टोयोटा इंडस्ट्रीजने, म्हणजे साकिचीच्या त्याच माग कारखान्याने. कंपनीने सांगितलं की भारतातल्या गाड्यांच्या पॉवर, धूर, सुरक्षिततेवर परिणाम नाही, आणि गाड्या परत सुटल्या. पण बातमी वाचून मला खूप वाईट वाटलं होतं, कारण ज्या घराने चूक दिसली की थांबा हे जगाला शिकवलं तिथेच कुणीतरी दोरी ओढली नाही.

नवीन घेणार असाल तर लक्षात ठेवा, ग्लान्झा म्हणजे सुझुकीची बलेनो, रूमिअन म्हणजे अर्टिगा, टायझर म्हणजे फ्रॉन्क्स. गाड्या वाईट नाहीत, सर्व्हिसला टोयोटाचं शोरूम मिळतं, पण इनोव्हाच्या टिकाऊपणाच्या गोष्टी ऐकून ग्लान्झा घेऊ नका, त्या गोष्टी तिच्या नाहीत. हायरायडर मधली आहे, सांगाडा सुझुकीचा पण बिडदीत बनते आणि तिचं स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर, टोयोटाचं. इनोव्हा हायक्रॉस वेगळीच, डिझेल नाही, पुढच्या चाकांना ताकद, पेट्रोल हायब्रिड. शहरात बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये जाणाऱ्यांनी हीच घ्यावी, हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. पण घाट, भरलेली गाडी, वर्षाला पन्नास हजार किलोमीटर असं काम असेल तर स्टँडवरचे लोक अजून डिझेल क्रिस्टाच सांगतात आणि माझं पण तेच मत आहे.

राहिली जुनी इनोव्हा. घ्या, पण किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका, ९० हजार दाखवणारी दहा वर्षांची इनोव्हा दिसली की आधी सर्व्हिस रेकॉर्ड शोरूममधून काढून घ्या. टुरिस्टची पिवळी पाटी बदलून पांढरी केलेली आहे का ते आरसी बघून विचारा, असली तरी वाईट असतेच असं नाही, फक्त भाव त्या हिशोबाने लावा. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेलवर बंधनं आली तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात, त्यांची एनओसी आणि चॅसिस नंबर नीट जुळवा. जुन्या अडीच लिटर इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला हे कागदावर दिसलं नाही तर बदलायचा आहे असंच धरा आणि किमतीतून वजा करा, क्रिस्टाला चेन आहे, तिथे हा प्रश्न नाही. सकाळी इंजिन गार असताना स्टार्ट करून बघा, धूर बघा, इंजेक्टरचा आवाज ऐका, मागच्या सीटचा एसी चालू करून दहा मिनिटं मागे बसा. आणि गाडी कोकणातली किंवा गोव्यातली असेल तर ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जा, रॅम्पवर चढवा आणि खालून चॅसिस गंजलीय का ते टॉर्च मारून बघा, वरून पेंट कितीही चकचकीत असला तरी.