देवगडहून मुलीच्या व्हिजन थेरपीसाठी (डोळ्यांच्या व्यायामांच्या उपचारासाठी) दर आठवड्याला मुंबई गाठावी लागेल का?

मुंबईच हवी असं नाही, पण तीनेक महिने आठवड्याला एक बैठक आणि घरी रोजचा सराव टळत नाही. तिचा त्रास कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सीचा (वाचताना दोन्ही डोळे आत वळून टिकत नाहीत) असेल, तर त्यावर अमेरिकेत 221 मुलांवर चाचणी झाली, 2008 साली प्रसिद्ध झाली. 12 आठवड्यांत दवाखान्यातल्या थेरपीने सुमारे 73 टक्के मुलं सुधारली, घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणून 43. आणि खोटी थेरपी (तुलनेसाठी दिलेले, उपचार नसलेले व्यायाम) दिलेल्यांतही 35! तेव्हा एकट्या पेन्सिलवर विसंबू नका. कोल्हापूर किंवा पणजीच्या नेत्ररुग्णालयांत फोन करून 'ऑर्थोप्टिक्स विभाग आहे का, घरचा सराव लिहून देता का' एवढंच विचारा (ऑर्थोप्टिक्स म्हणजे दोन डोळ्यांच्या ताळमेळावरचे उपचार). घरी बहुधा दोरीत ओवलेले तीन रंगीत मणी देतात: एक टोक नाकाशी, दुसरं खिडकीच्या गजाला, आणि एकेका मण्यावर नजर रोखायची. पावसात घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही, दिवाळीनंतर सुरू केलंत तर खंड पडणार नाही. मात्र आधी थेंब घालून नंबर तपासून घ्या. तिरळेपणा किंवा आळशी डोळा (एका डोळ्याची नजर नीट न वाढणं) निघाला तर उपाय वेगळे, चष्मा, पट्टी, कधी ऑपरेशन, आणि त्याला दिवाळीपर्यंत थांबू नका.