पडद्यावर झेंडू, कागदावर वीट

प्रश्न : मी घरी लग्नपत्रिका डिझाइन करते आणि ऑफसेटवर छापून घेते. नवा मॉनिटर आल्यापासून पडद्यावरचा झेंडूसारखा केशरी कागदावर विटकरी उतरतो. मॉनिटरच्या मेनूत 'यूजर'खाली रेड, ग्रीन, ब्लू असे तीन आकडे आहेत. एका व्हिडिओत बघून ९६, ९०, ८८ टाकले, तर सगळंच तांबूस दिसायला लागलं. नेमके आकडे किती ठेवू? याच कॉम्प्युटरवर मुलगा गेमही खेळतो.
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, ते आकडे आधी पुसा. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर शेजारी ठेवले तरी पांढरा सारखा दिसत नाही. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला कसा चालेल?

हे काम दिवसा करा. मी एकदा रात्री पिवळ्या बल्बखाली बसून केलं होतं. त्या उजेडात पडदा निळसर वाटला, म्हणून ब्लू उतरवला. मग फोटो पिवळट दिसू लागले, म्हणून त्यांत निळा चढवला. बारशाच्या चारशे पत्रिका छापून आल्या, तेव्हा आजीनं विचारलं, "आमच्याकडं कृष्णजन्म झालाय का?" पुन्हा छापल्या, माझ्या पैशानं.

मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्राप्रमाणे उजेड आपोआप कमीजास्त करणारी) बंद करा. तिन्ही आकडे १०० वर आणा. आता कोरी पांढरी फाइल उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि पडदा कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. नवे मॉनिटर दुकानात उठून दिसावेत म्हणून भगभगीत ठेवलेले असतात. छपाई काळपट वाटण्याचं निम्मं कारण तिथंच असतं. मग मधला करडा रंग पडदाभर पसरा. त्यात निळी झाक दिसली तर ब्लू दोन-दोननं कमी करा. कुठलाही रंग कमी वाटला तरी तो वाढवायचा नाही, बाकीचे दोन उतरवायचे. मेनूत ६५०० के (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) असा पर्याय असेल तर तिथून सुरुवात केलेली सोपी.

पुढं विंडोजच्या स्टार्टमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' असं इंग्रजीत टाइप करा. त्यात कोट घातलेला एक माणूस येतो. त्याचा कोट आणि शर्ट वेगळे दिसले पाहिजेत, मागची फुली जेमतेम दिसली पाहिजे. कॉन्ट्रास्टच्या वेळी पांढऱ्या शर्टाची बटणं आणि चुण्या हरवू देऊ नका.

एवढं करूनही केशरी मळकाच आला, तर मॉनिटरला बोल लावू नका. छपाईत केशरी होतो मजेंटा (गडद गुलाबी) आणि यलो (पिवळी) या शाईंचा. आरजीबीतली, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यातली फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत नेताना सायन (हिरवट निळा) किंवा काळा गुपचूप घुसतो, आणि सायन जरा जरी आला की झेंडूची वीट झालीच. तुमच्या केशरीत सायन आणि काळा शून्य आहेत का, ते आकडे उघडून बघा. मला तर हाच चोर वाटतो. तरीही पडद्यावरचा तो दिव्यासारखा पेटलेला केशरी चार शाईंत येत नाही. गिऱ्हाइकाला तो दाखवून 'हो' घेऊ नका, जुनी छापलेली पत्रिका हातात द्या.

आणि छापून आलेल्या कागदाशी जुळावं म्हणून मॉनिटर बिघडवू नका. प्रेसवाल्यानं त्या दिवशी शाई जास्त सोडली असेल, तर पुढच्या कामाला तोच पडदा खोटं बोलेल.

मुलाला गेमसाठी वेगळा मोड वापरू द्या. खेळ संपला की बटण परत 'यूजर'वर. त्याला जमलं नाही, तर कामाला बसताना तुम्हीच आधी तेवढं बघत जा.