कोल्हापुरात चोरी झाली की बातमीत 'श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले' एवढंच येतं. मग श्वान पथकाचा उपयोग काय? आणि कुत्र्याने माणूस दाखवला तर त्याला शिक्षा होते का?

बातमीतलं हे वाक्य वाचून आम्हीही हसायचो. पोलिसात असताना काही वर्षं मी श्वान पथकात होतो, आता निवृत्त आहे. वाक्य खोटं नसतं. पण वार्ताहराची बातमी जिथं संपते, तिथून पुढं तपास सुरू होतो.

माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सारखे झडत असतात. तो वास, घामाचा वास आणि पायाखाली तुडवलेल्या गवताचा-मातीचा वास धरून कुत्रा चालतो. चोर गाडीवर बसला की माग तुटला. म्हणजे कुत्रा जिथं घुटमळला, तिथं बहुतेक वेळा गाडी लावलेली होती. मग त्या कोपऱ्यावरचा सीसीटीव्ही बघायचा, मातीत टायरचा ठसा आहे का बघायचं, गुटख्याची पुडी, बिडीचं थोटूक शोधायचं. गाव सोडून चोर कुठल्या अंगाला गेला एवढं कळलं तरी तपासाची निम्मी पायपीट वाचते.

माग लागलेला कुत्रा ओळखू येतो. नाक जमिनीला, पट्टा ताणलेला, हस्तकाला, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाला, जवळजवळ ओढत नेतो. माग सुटला की मान वर येते, पट्टा सैल पडतो आणि तो गोल फिरायला लागतो. हस्तकाची खरी परीक्षा इथं असते, कारण या वेळी पट्ट्याला जराही हिसका द्यायचा नसतो. तुमच्या मनात एखाद्याबद्दल संशय असला तर तो तुमच्या चालण्यातून कुत्र्याला कळतो आणि तो तुम्हाला खूश करायला तिकडं वळतो. म्हणून घटनास्थळी गेल्यावर गावकऱ्यांचे तर्क शक्यतो ऐकायचेच नाहीत. 'कुत्रं आलंय म्हंजी चोर गावलाच की!' म्हणत निम्मं गाव मागं लागतं, तो त्रास वेगळाच.

शिक्षेचं म्हणाल तर, निव्वळ कुत्र्याने दाखवलं म्हणून होत नाही. महाराष्ट्रातल्याच एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं की अशा पुराव्याला सहसा फारसं वजन देता येत नाही. कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या वतीने हस्तकच बोलणार. मला हे पटतं. कुत्र्याने दिशा द्यावी, पुरावा आपण गोळा करावा.

नवरात्रात अंबाबाईच्या मंदिरात दिसतात ते बॉम्बशोधक कुत्रे वेगळे. त्यांना चोराच्या मागावर सोडत नाहीत, शिक्षणच निराळं. स्फोटकाचा वास आला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गप बसायचं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत नाव काढलेला लॅब्राडोर 'जंजीर' याच कामाचा. त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. पुण्याच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला होता. तिथं कुत्र्याबरोबर हस्तकही शिकतो, किंबहुना शिकायचं जास्त हस्तकालाच असतं.

हवेचाही मोठा भाग असतो. पहाटेची चोरी आणि दव पडलेला उसाचा बांध, हे आमच्यासाठी सगळ्यात चांगलं. ओलसर सावलीत वास टिकतो. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर काही हाती लागत नाही. वर कुत्रा उन्हाने धापा टाकायला लागला की तोंडाने श्वास घेतो, मग नाकाचं काम मंदावतं. अशा वेळी त्याला सावलीत बसवून पाणी पाजायचं. साहेब घाई करत असले तरी.

तुमच्याकडे कधी घरफोडी झालीच, तर कपाट आवरायला घेऊ नका आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आत घेऊ नका. चोराने टाकलेली कटावणी, रुमाल, चप्पल काहीही असेल, तिला हात लावू नका. कुत्र्याला वास द्यायला तीच वस्तू लागते. दहा जणांनी हातात घेऊन बघितली, तर कुत्रा त्या दहांपैकी कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो.