पणजी की म्हैसूर? आधी अकरा महिने भाड्याने राहा

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना आकडे बाजूला ठेवून नुसती वाक्ये पाहिली. त्याबद्दल शेवटाकडे लिहिते, आधी हिशोब.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: हे गृहस्थ 62 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पत्नी 58. मुलगी पुण्यात. डोंबिवलीतला स्वतःचा फ्लॅट 2003 मध्ये 9 लाखांना घेतला होता, आता दलाल 90 लाख सांगतो. पेन्शन 41 हजार, शिवाय 32 लाखांच्या ठेवींवर महिना 19 हजारांच्या आसपास व्याज. लोकलच्या गर्दीला आणि धुळीला दोघेही कंटाळले आहेत. डोंबिवलीचे घर विकून 60 लाखांपर्यंत नवीन घर घ्यायचे, उरलेले बँकेत टाकायचे, असा बेत आहे. यांना म्हैसूर हवे, वहिनींना पणजी. आणि सीएने तिसरीच टूम काढली आहे, की दोन्हीकडे एकेक छोटा फ्लॅट घ्या.

सीएची टूम आधी निकालात काढते. कायद्याने ती चुकीची नाही. राहते घर विकून झालेला भांडवली नफा दोन कोटींपर्यंत असेल, तर आयुष्यात एकदा तो दोन घरांत गुंतवता येतो. पण कर वाचतो म्हणून घर घेणे म्हणजे सूट मिळाली म्हणून नको ती साडी घेणे. दोन घरांतले एक कायम बंद राहणार. बंद घराला मेंटेनन्स चुकत नाही, गळती चुकत नाही, आणि किल्ली कोणाकडे ठेवायची हा प्रश्न तर अजिबात चुकत नाही. ‘आम्ही नसू तेव्हा पर्यटकांना देऊ’ असे तुम्ही लिहिले आहे. गोव्यात त्यासाठी 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, शेजाऱ्यांची कुरकुर वेगळी. चादरी बदलायला आणि रात्री अकराला आलेल्या पाहुण्याला दार उघडायला माणूस ठेवावा लागतो. हा धंदा आहे, आणि तो लांबून होत नाही.

आता मुख्य बेत. 90 लाखांना विकलेत तर नफा 81 लाख. तुमचे घर जुलै 2024 च्या आधीचे असल्यामुळे दोन पर्याय मिळतात: इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरणे) न घेता साडेबारा टक्के, किंवा इंडेक्सेशन घेऊन वीस टक्के. दोन्ही मांडून पाहिले. पहिल्यात कर सुमारे 10.1 लाख, दुसऱ्यात 11.8 लाखांच्या आसपास, वर सेस, म्हणजे करावरचा उपकर. म्हणजे पहिलाच बरा. नवे घर 60 लाखांचे घेतलेत तर 60 लाखांचा नफा करातून सुटतो, उरलेल्या 21 लाखांवर सेस धरून सुमारे पावणेतीन लाख भरावे लागतील. तेही नको असतील तर ते 21 लाख विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत करबचतीच्या रोख्यांत पाच वर्षे अडकवा. इथवर तुमच्या सीएने बरोबर सांगितले आहे.

जे सांगितलेले दिसत नाही ते असे. करसवलत घेऊन घेतलेले घर तीन वर्षे विकायचे नाही. विकलेत तर त्या घराची खरेदी किंमत हिशोबात धरताना वाचवलेला नफा वजा होतो. तुमच्या बाबतीत 60 उणे 60, म्हणजे शून्य. घर जेवढ्याला विकाल तेवढा सगळा नफा. तोही दोन वर्षांच्या आत विकलेत तर अल्पकालीन, म्हणजे तुमच्या पेन्शनमध्ये मिळवून वरच्या पायरीचा कर. थोडक्यात, नव्या गावात जीव रमला नाही तरी तीन वर्षे तिथेच बसा, नाहीतर दंड भरा.

जायचा खर्चही धरू. 60 लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सात टक्के धरले तर 4.2 लाख. विकताना आणि घेताना एकेक टक्का दलाली, दीड लाख. स्वयंपाकघराचे काम, ग्रिल, पंखे, पडदे, सामान हलवणे याला चार लाख पुरले तर नशीब. म्हणजे जायलाच दहा लाखांच्या घरात खर्च. परत यावेसे वाटले तर डोंबिवलीत पुन्हा घर घ्यायला तेवढेच किंवा जास्त. मन बदलण्याची किंमत वीस लाख झाली, तीही डोंबिवलीचे भाव दरम्यान वाढले नाहीत तर. तुमच्या ठेवी 32 लाखांच्या आहेत हे लक्षात घ्या.

दोन्ही शहरे तुम्ही पाहुणे म्हणून पाहिली आहेत, आणि पाहुण्याला शहर नेहमी धुऊनपुसून दाखवले जाते. म्हैसूरच्या राजवाड्यासमोर रविवारी संध्याकाळी सातला दिवे लागतात, हजारो बल्ब एकदम पेटतात आणि मैदानात उभी असलेली सगळी माणसे एकाच वेळी ‘आहा’ म्हणतात. मीही म्हटले आहे. पण ते पाऊण तासाचे काम. सोमवारी सकाळी गॅसची नोंदणी बदलायला जायचे असते, आणि तिथे कन्नड लागते.

तरी कागदावर म्हैसूर जिंकते, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर असल्यामुळे हवा सोसवते, मे महिन्यातसुद्धा संध्याकाळ बरी जाते. पाऊस वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास, तोही विखुरलेला. रस्ते रुंद, झाडे भरपूर. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात पहिले आले होते. म्हैसूर मेडिकल कॉलेज 1924 पासूनचे, आणि मोठ्या इलाजासाठी बंगळूर नव्या महामार्गाने दोन तासांच्या आसपास. पर्यटकांचा लोट दसऱ्याचे दहा दिवस आणि सुट्ट्यांत येतो, पण तो राजवाडा, चामुंडी टेकडी आणि प्राणिसंग्रहालय या पट्ट्यात फिरतो. कुवेंपुनगर किंवा विजयनगरमध्ये राहणाऱ्याचे भाडे त्यामुळे वाढत नाही. शहराचे पोट विद्यापीठावर, कारखान्यांवर, आयटीवरही चालते. रहिवाशाच्या दृष्टीने मला ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

पणजीचे तसे नाही. शहर छोटे, एका बाजूला मांडवी, आणि घरमालकाला तुमच्यापेक्षा डिसेंबरातला पाहुणा जास्त देतो. म्हणून तुम्हाला ताळगावात दोन बेडरूमचे 34 हजार सांगितले आणि म्हैसूरला 20 हजार. जूनमध्ये स्वस्त भाड्याची घरे निघतात, पण करार नीट वाचा. बऱ्याचदा ती सप्टेंबरअखेरपर्यंतचीच असतात, सीझन लागला की बाहेर.

आणि पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. एका जुलैत कामासाठी मी पणजीत सहा आठवडे राहिले होते. दुसऱ्याच आठवड्यात कपाटातला चामड्याचा पट्टा हिरवा झाला. मीठ बरणीतून निघेना, चेकबुकाची पाने एकमेकांना चिकटली, उशीला कायम ओल्या टॉवेलचा वास. घरमालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, कपाटात साठचा बल्ब लावून ठेवा, आम्ही तसेच करतो. त्या बल्बचे, पंख्याचे आणि एसीच्या ड्राय मोडचे बिल माझ्या नावावर आले. स्वतःचे घर असेल तर याच्या जोडीला बाहेरचा रंग, गच्चीची गळती आणि समुद्राच्या वाऱ्याने गंजणारे ग्रिल. पणजीचा फ्लॅट घेणाऱ्या अशिलांना मी दुरुस्तीसाठी वर्षाला घराच्या किमतीच्या एक टक्का वेगळा ठेवायला सांगते, म्हैसूरला निम्म्यात भागते.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा तुम्ही उल्लेख केला आहे. रुग्णालय मोठे आहे, पण गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून तिथे 2018 पासून शुल्क घेतात. नवीन आलेला माणूस लगेच गोंयकार ठरत नाही. तेव्हा आरोग्य विमा आहे तसा चालू ठेवा, आणि दोन्ही शहरांत कॅशलेस कुठे चालते ती यादी कंपनीकडून लेखी मागवा.

पणजीच्या बाजूने दोन गोष्टी आहेत, आणि त्या फुकट मिळणाऱ्या नाहीत. पहिली, भाषा. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आहे, पण सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. पेपर मराठीत येतो, बाजारात मराठी चालते, नाटक लागते. म्हैसूरला इंग्रजीवर भागेल, पण रात्री दोनला छातीत दुखतेय हे परक्या भाषेत सांगायची वेळ आली तर काय, हाही पैशांचाच प्रश्न आहे. माणूस त्यासाठी पैसे मोजतो, फक्त खर्चाच्या वहीत त्याचे नाव वेगळे लिहितो. दुसरी, अंतर. ठाण्याहून रात्री बसलात तर सकाळी करमळीला, तिथून पणजी जवळ. म्हैसूरला रेल्वेने जवळपास पूर्ण दिवस जातो. मुलगी पुण्यात आहे. तुम्ही वर्षातून दोनदा भेटू असे लिहिले आहे, ते मला पटत नाही. नातवंड झाले की दर महिन्याला निघाल.

आता महिन्याचा हिशोब. घर विकू नका, भाड्याने द्या. तुम्हाला 22 हजार मिळतील म्हणता. मेंटेनन्स, मालमत्ता कर, सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते; हे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, सेक्रेटरी काहीही म्हणोत) आणि वर्षातून एखादा महिना रिकामा धरून हातात 16 हजार धरा. पेन्शन आणि व्याज 60 हजार. एकूण 76. म्हैसूरला भाडे 20 हजार, घरखर्च 36, प्रवास 4, म्हणजे 60. महिना 16 हजार शिल्लक. पणजीला भाडे 34, घरखर्च 42, प्रवास 2, म्हणजे 78. महिना दोन हजार कमी पडतात, वर्षाला चोवीस हजार.

म्हणजे पणजीत राहवते की नाही याचे उत्तर चोवीस हजारांत मिळते. घर विकून तेच उत्तर काढायला वीस लाख लागतात.

आता त्या वाक्यांबद्दल. म्हैसूरविषयी तुम्ही एक अख्खे पान लिहिले आहे: राजवाडा, दसऱ्याचा हत्ती, वृंदावन उद्यान, चामुंडीच्या पायऱ्या, तिथून उटी, कूर्ग. वहिनींचे म्हणणे तुम्ही चार ओळींत उरकले आहे. त्यांना मासळीबाजाराच्या शेजारची भाजी आवडली, बेतीच्या फेरीबोटीतून उगाच पलीकडे जाऊन परत यायला आवडले, आणि पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात (ते 1832 पासूनचे आहे) मराठी पुस्तकांच्या कपाटाशी त्या तासभर रमल्या. तुम्ही म्हैसूर बघायला निघाला आहात, त्या पणजीत राहायला. बघण्यासाठी दसऱ्याला आठ दिवस हॉटेल घ्या, म्हैसूर हौसेने बघून या, त्याला घर लागत नाही.

म्हणून आकडे म्हैसूरच्या बाजूने असले तरी माझा सल्ला पणजीचा, पण भाड्याने आणि ठरलेल्या मुदतीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात राहायला जा, अकरा महिन्यांचा करार करा. म्हणजे पहिल्याच महिन्यात पाऊस भेटेल आणि डिसेंबरातली गर्दीही याच करारात येईल. मधल्या सीझनमध्ये घर रिकामे करायला सांगता येणार नाही, असे कलम करारात स्पष्ट लिहून घ्या. घर सगळ्यात वरच्या मजल्याचे नको, तळमजल्याचेही नको. गाडी न्यायची तर बारा महिन्यांच्या आत परत आणा, नाहीतर तिथली नोंदणी आणि रस्ता कर भरावा लागतो. डोंबिवलीचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच चावी द्या.

पणजी झेपली नाही तर पुढच्या वर्षी म्हैसूर. तिथे एक सावधगिरी आधीच सांगते. कर्नाटकात ‘भोग्य’ म्हणून पद्धत आहे: एकदाच काही लाख मालकाला द्यायचे, महिन्याचे भाडे नाही, सोडताना रक्कम बिनव्याजी परत. ऐकायला गोड आहे. पण मालकाचे कर्ज थकले आणि बँकेने घरावर हात टाकला तर तुमची रक्कम रांगेत उभी राहते. नेहमीचे भाडे द्या, आणि डिपॉझिट जमेल तेवढे कमी करून घ्या.

ठेवींतले 32 लाख या वर्षभरात हलवू नका, कोणीही काहीही योजना दाखवली तरी. पुढच्या मे महिन्यात परत लिहा, आणि जुलैचे व डिसेंबरचे वीजबिल सोबत जोडा. चामड्याचे पट्टे मात्र डोंबिवलीतच राहू द्या.