सवाना मॉनिटरला काय खाऊ घालावे?
आपण प्रथमच सवाना मॉनिटर पाळत आहात, म्हणून तूर्त मोजकेच सांगतो. घोरपडीच्या कुळातला हा प्राणी समोर येईल ते गिळतो, त्यामुळे उंदीर दिले की झाले, असा नवख्यांचा समज होतो. परंतु निसर्गात कीटक, गोगलगायी यांसारखे अपृष्ठवंशी जीव हाच त्याचा मुख्य आहार असल्याने सततच्या उंदरांनी तो लठ्ठ होतो व यकृतात चरबी साठते. माझ्या पहिल्या मॉनिटरचे पोट चालताना जमिनीला घासू लागले, तेव्हा कुठे मला हे उमगले.

आहाराचा पाया रातकिडे आणि खाद्यासाठी वाढवलेली झुरळे हा असावा. घरात पकडलेली मात्र नकोत, त्यांच्या अंगी कीटकनाशक असू शकते. कीटकांना आदल्या दिवशी पालेभाजी खाऊ घालावी आणि डब्यात कॅल्शियमच्या भुकटीसोबत हलवून, ते पांढुरके दिसू लागले की सोडावेत. कीटकांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते. ही उणीव भरली नाही, तर हाडे ठिसूळ होतात. नुसत्या खिम्याचा दोषही हाच.

शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग सुमारे ५० अंश सेल्सिअस तापलेला नसेल, तर उत्तम अन्नही नीट पचत नाही. जीवनसत्त्वांच्या मात्रांचे पुढे पाहू.