बाबांची ‘इम्युनिटी’ कमी झालेली नाही

तुम्ही लिहिलंय की बाबांना (वय ५८) तीन महिन्यांपूर्वी अटॅक आला, एक स्टेंट बसला. भरती असताना पांढऱ्या पेशी १४,००० झाल्या तेव्हा इन्फेक्शन झालं की काय म्हणून तुम्ही घाबरलात. आता एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९६, म्हणजे लॅबच्या कागदावर नॉर्मल, पण एचएस-सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारी रक्ततपासणी) ४.२ आली आणि डॉक्टर म्हणाले, ‘धमन्यांत दाह आहे, कोल्चिसिनचा विचार करू.’ आत्या म्हणतात इम्युनिटी कमी झाली, गुळवेलीचा काढा द्या. आणि वर एका सदस्यांनी विचारलंय, दाहच असेल तर डायक्लोफिनॅक का नको?

आधी डायक्लोफिनॅक, कारण त्यात धोका आहे. अजिबात देऊ नका. या जातीच्या वेदनाशामकांनी अटॅकचा धोका वाढतो. रक्तवाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन नावाचा रेणू तयार करतं, तो प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. ही औषधं तेच उत्पादन कमी करतात. याच गटातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं ते याच कारणाने. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता मूळ मुद्दा. मी डॉक्टर नाही, पण बारा वर्षं प्रयोगशाळेत मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) वाढवण्याचं काम केलंय, त्यामुळे ‘इम्युनिटी कमी झाली म्हणून अटॅक आला’ हे वाक्य मला सोडून देता येत नाही. बाबांच्या रोगप्रतिकारक पेशी दुबळ्या पडल्या नव्हत्या. त्या धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं कामावर होत्या, आणि तिथून त्यांना परत जाता येत नव्हतं.

एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात आणि अडकतात, तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. त्रासलेलं अस्तर रक्ताच्या बाजूला चिकट प्रथिनं उभी करतं आणि एमसीपी-१ नावाचा रेणू सोडतं. रक्तातल्या मोनोसाइट पेशींवर त्यासाठीचा रिसेप्टर असतो, सीसीआर२. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यात रोवलेलं प्रथिन. बाहेरच्या टोकाला ठरावीक रेणू चिकटला की आतल्या टोकाचा आकार बदलतो आणि निरोप आत जातो. सीसीआर२ला निरोप मिळाला की मोनोसाइट भिंतीत शिरते आणि तिची मॅक्रोफेज होते.

इथे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचं काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. एलडीएलचा रिसेप्टर त्यांनीच शोधला, १९८५ चं नोबेल त्यासाठीच. पण एक कोडं उरलं होतं. काही कुटुंबांत हा रिसेप्टर जन्मतःच नसतो. मग पेशींनी कोलेस्टेरॉल आत घ्यायलाच नको, तरी त्या रुग्णांच्या मॅक्रोफेज कोलेस्टेरॉलने तुडुंब भरलेल्या असतात. १९७९ मध्ये त्याच दोघांच्या गटाने दाखवलं की मॅक्रोफेज साधं एलडीएल फारसं घेत नाही, पण रासायनिक बदल झालेलं एलडीएल दुसऱ्याच रिसेप्टरमधून भराभर ओढते. त्याला आपण आज स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतो. या दोन रिसेप्टरांतला फरक महत्त्वाचा आहे. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की एलडीएल रिसेप्टरची संख्या कमी होते. स्कॅव्हेंजर रिसेप्टरला असा लगाम नाही. पेशी भरली तरी घेतच राहते.

हे मी शेकडो वेळा पाहिलंय. टीएचपी-१ नावाच्या पेशी द्रवात तरंगत असतात. एक रसायन घातलं की दोन-तीन दिवसांत त्या तळाला चिकटून मॅक्रोफेज होतात. एका प्लेटमध्ये साधं एलडीएल घालायचं, दुसरीत ऑक्सिडेशन झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी चरबीला लाल करणारा रंग. पहिल्या प्लेटमध्ये तुरळक ठिपके दिसायचे. दुसरीतली एकेक पेशी सोललेल्या डाळिंबासारखी, दाण्यांनी ठासून भरलेली. याच त्या फेसाळ पेशी. त्या मरतात, त्यांचा ढिगारा साफ करायला नव्या मॅक्रोफेज येतात, त्याही भरतात.

साठलेल्या कोलेस्टेरॉलचे पुढे स्फटिक होतात. २०१० मध्ये उंदरांवरच्या कामातून कळलं की हे सूक्ष्म स्फटिक मॅक्रोफेजच्या आतला एनएलआरपी३ नावाचा प्रथिनसंच जागा करतात. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचा निरोप नेणारं प्रथिन तयार होऊन बाहेर पडतं, ते आसपासच्या पेशींवरच्या आपल्या रिसेप्टरला चिकटतं, त्या पेशी इंटरल्युकिन-६ हे तसंच दुसरं प्रथिन बनवतात, आणि इंटरल्युकिन-६चा निरोप यकृताला पोचला की यकृत सीआरपी बनवतं. बाबांच्या रिपोर्टवरचा ४.२ हा या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाचा आकडा आहे. सर्दी-खोकला, दातातला पू यांनीही तो वाढतो, म्हणून बरं वाटत असताना दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करून घ्या.

ही साखळी मधेच तोडली तर? २०१७ मध्ये कॅन्टॉस चाचणीचे निष्कर्ष आले. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारं कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी १५० मिग्रॅ. एलडीएलला हातही न लावता अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. हृदयविकारात दाह हे एक कारण आहे हे माणसांत सिद्ध झालं ते तेव्हा. पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, आणि औषध अतिशय महाग. ते हृदयासाठी वापरात आलं नाही.

कुठलाही दाह कमी केला की झालं, असंही नाही. २०१८ मध्ये मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं औषध फसलं, कारण त्याने ही साखळी हललीच नाही. हार्ट फेल्युअरमध्ये टीएनएफ हा दाहाचा दुसरा रेणू रोखून पाहिला, तर तो अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबच्या मोठ्या डोसने रुग्ण आणखी बिघडले.

आणि त्या १४,००० पेशी? त्या बाबांना बरं करायला आल्या होत्या. स्नायू मरतो तेव्हा फुटलेल्या पेशींतला माल बाहेर सांडतो. तो टोल-सदृश रिसेप्टरना कळतो, जे एरवी जंतू ओळखतात (त्यांच्या शोधासाठी हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं). काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग मोनोसाइट. उंदरांत दिसलंय की यातल्या बऱ्याच मोनोसाइट प्लीहेतल्या साठ्यातून येतात. पहिली पाळी मेलेला स्नायू उचलते. चार-पाच दिवसांनी दुसरी पाळी, ती नव्या रक्तवाहिन्या आणि व्रणाचं मजबूत ऊतक घडवायला मदत करते. पहिली पाळी लवकर घालवली तर साफसफाई अर्धवट, लांबली तर शाबूत स्नायूही कुरतडला जातो. १९७०च्या दशकात अटॅकनंतर स्टेरॉइड देऊन पाहिली, तेव्हा जखम नीट न भरण्याची आणि हृदयाची भिंत फाटण्याची भीती पुढे आली. त्या पेशी आल्या म्हणून आज बाबांच्या हृदयाला व्रण आहे, भोक नाही.

म्हणून काढ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ज्या पेशी आधीच चेतलेल्या आहेत त्यांना आणखी चेतवून काय मिळवायचं? शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. आत्यांना दुखवू नका, पण काढा थांबवा.

कोल्चिसिन हे जुनं, स्वस्त, गाउट या सांधेदुखीचं औषध. ते पेशीच्या आतला सांगाडा बांधू देत नाही, त्यामुळे न्यूट्रोफिलची धाव मंदावते आणि एनएलआरपी३चा संच जुळायला अडचण येते. रोज ०.५ मिग्रॅ देऊन २०१९ च्या कोलकॉट चाचणीत हृदयाच्या घटना २३ टक्क्यांनी, २०२० च्या लोडोको-२ मध्ये ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र २०२४ मध्ये अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या ७,००० हून अधिक रुग्णांत फायदा दिसला नाही. डॉक्टर ‘देऊ’ न म्हणता ‘विचार करू’ म्हणाले ते मला योग्य वाटतं.

हे औषध आपल्याकडच्या कळलावीतही असतं. कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावतात. नैसर्गिक म्हणून कोणी तो सुचवला तर ठाम नकार द्या.

भेटीला जाताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या, मूत्रपिंड कमकुवत असेल तर कोल्चिसिन अंगात साठतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक त्यासोबत चालत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. फ्लूच्या लशीबद्दल विचारा, अटॅकनंतर लस दिलेल्यांत पुढच्या घटना कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलंय. आणि सगळ्यात आधी ते एलडीएल ९६. अटॅक येऊन गेलेल्याला १०० च्या आत पुरत नाही, ७० च्या खाली, अनेक डॉक्टर तर ५५ च्या खाली आणायला सांगतात. स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा) डोस किती आहे आणि बाबा ती गोळी रोज घेतात का, एवढं आज रात्रीच बघून इथे लिहा.